मुदत संपली आणि नेटवर्क गेलं

6 डिसेंबर 2018. जपानमध्ये दुपारी 1 वाजून 39 मिनिटांनी सॉफ्टबँकच्या कोट्यवधी ग्राहकांच्या मोबाइलची रेंज गेली. तेव्हा ब्रिटनमध्ये पहाट होती. तिथेही ओटू कंपनीचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं. लोक दिवसभर डेटाविना राहिले. लंडनच्या थांब्यांवर पुढची बस कधी येणार हे सांगणारे फलकही चालेनात. हा सायबर हल्ला नव्हता, केबलही तुटली नव्हती. दोन्हीकडे एरिक्सन कंपनीची यंत्रणा होती आणि तिच्या सॉफ्टवेअरमधल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती.

हे प्रमाणपत्र म्हणजे एक छोटी फाइल. उपकरणाची ओळख, त्याची सार्वजनिक किल्ली, ती साक्षांकित करणारी संस्था आणि दोन तारखा, कधीपासून आणि कधीपर्यंत, असा मजकूर तिच्यात असतो. अनेक वायरलेस जाळ्यांत तिच्यावाचून भागत नाही, कारण हवेतला सिग्नल कोणीही पाठवू शकतो. कॉलेजच्या वाय-फायचंच नाव देऊन शेजारच्या खोलीतून बनावट वाय-फाय सुरू करता येतं. पासवर्ड देण्याआधी फोनने सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासलं, तरच ही फसवणूक पकडली जाते. म्हणून ‘प्रमाणपत्र तपासू नका’ हा पर्याय कधीही निवडू नये.

मुदत घालतात ती सुरक्षेसाठीच. सार्वजनिक किल्लीच्या जोडीची गुप्त किल्ली चोरीला गेली, तर तिचा गैरवापर कायम चालू राहू नये. पण ती तारीख उलटली की तपासणारं उपकरण सरळ संबंध तोडतं. तेच सॉफ्टवेअर जिथे जिथे असेल, तिथे सगळीकडे एकदमच. जपान आणि ब्रिटन एकाच वेळी ठप्प झाले ते यामुळेच. सॉफ्टबँकने सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती परत टाकून साधारण साडेचार तासांत सेवा सुरू केली.

मुदत तपासणाऱ्या उपकरणाचं घड्याळही घोटाळा करतं. अनेक साध्या राउटरमध्ये घड्याळासाठी वेगळी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की त्यांची तारीख काही वर्षं मागे जाते आणि चांगलं प्रमाणपत्रही ‘अजून लागू झालेलं नाही’ म्हणून नाकारलं जातं. त्यामुळे आधी खात्रीच्या टाइम सर्व्हरवरून वेळ जुळवून घ्यावी लागते.

प्रत्येक प्रमाणपत्र कुठे आहे, कोणी दिलं, कधी संपतं आणि नूतनीकरण कोणी करायचं, याची नोंद प्रत्येक संस्थेकडे हवीच. वेबसाइटसाठीच्या सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत तर 15 मार्च 2029 पासून फक्त 47 दिवस होणार आहे. पाहुण्यांच्या वाय-फायच्या लॉगिन पानावरही अशीच प्रमाणपत्रं वापरतात. दर दीड महिन्याला ती हाताने बदलत बसणं शक्य नाही. नूतनीकरण आपोआप व्हावं आणि ते झालं की नाही यावर माणसाने लक्ष ठेवावं, हाच मार्ग आहे. नेमके कधी होणार हे आधीच लिहून ठेवलेलं असतं असे बिघाड तंत्रज्ञानात फार थोडे. त्यातला हा एक तरी टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.