वास, वखवख आणि माहूरचा तांबूल

आजचा विषय माहूरमध्ये बोलायला सोपा आहे, कारण रेणुकामातेचा प्रसाद म्हणून इथला तांबूल सगळ्यांना ठाऊक आहे. विड्याची पानं, कात, चुना, सुपारी, बडीशेप, लवंग, वेलदोडा असं खलबत्त्यात कुटून केलेला. पुडी उघडली की आधी वास येतो, चव मागाहून. आणि तो तोंडात असताना कुणी गुलाबजाम पुढं केला, तर आपण सहसा म्हणतो, ‘आत्ता नको.’ हे ‘आत्ता नको’ येतं कुठून? सुगंधी तेलं हुंगून खाण्यावर ताबा येतो असं हल्ली सांगतात, त्यात खरं किती, हे यावरूनच उलगडू.

आधी भूक आणि वखवख वेगळी करू. भूक लागलेल्या माणसाला भाकरी-पिठलं चालतं, काहीही चालतं. वखवख मात्र नाव घेऊन मागते. पोटभर जेवून तास झालेला असतो, तरी फरसाणच पाहिजे किंवा जिलेबीच पाहिजे.

वखवख सुटते तेव्हा डोक्यात त्या पदार्थाचं चित्र रंगत असतं. जिलेबीचा रंग दिसतो, पाक दिसतो, वाससुद्धा आठवतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात इव्हा केम्प्स आणि मरिका टिगमन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच चित्र विस्कटून पाहिलं. चॉकलेटची चित्रं बघणाऱ्या तरुणींना चमेलीचा वास दिला, तेव्हा खाण्याची ओढ कमी झाली. हिरव्या सफरचंदाच्या वासानं मात्र तसं झालं नाही. म्हणजे अन्नाशी संबंध नसलेला वास जास्त उपयोगी पडला. डोक्यातली जागा तेवढीच असते, तिथं चमेली शिरली की जिलेबीला सरकावं लागतं. पण हा परिणाम त्या वेळेपुरता. त्यानं महिन्याभरात वजन उतरतं, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट जरा उलटी वाटेल. मिठाईच्या दुकानावरून नुसतं गेलं तरी तोंडाला पाणी सुटतं, पण दिवसभर तिथंच बसलेल्या हलवायाला सहसा पेढ्याची आस नसते. अमेरिकेत दीपायन बिस्वास आणि सहकाऱ्यांनी 2019 साली असंच काहीसं दाखवलं. गोड, चमचमीत पदार्थाचा वास अर्ध्या मिनिटाहून कमी मिळाला तर तसंच खावंसं वाटतं, दोन मिनिटांहून जास्त मिळाला तर ती निवड कमी होते. वासानंच थोडं समाधान होतं, असं त्यांचं म्हणणं. खमंग स्वयंपाक करणारी बाई ‘मला वासानंच भरल्यासारखं झालं’ म्हणते ना, तेच.

तांबूल यात कुठं बसतो? वास नाकाच्या पुढूनच येतो असं नाही. चावताना तो घशामागूनही नाकात चढतो. सर्दीत जेवण पाणचट लागतं ते यामुळंच. पान-लवंग-वेलदोड्याचा वास या मागच्या वाटेनं तोंड व्यापून टाकतो. लवंगेतल्या युजेनॉलनं जीभही किंचित बधिरते. शिवाय विडा आला म्हणजे पंगत उठली, ही लहानपणापासूनची सवय आहेच. तिचा वाटाही मोठा असणार, असं आम्हांला वाटतं. चरकसंहितेत लवंग, वेलदोडा, कापूर, विड्याचं पान तोंडात धरायला सांगितलंय, ते मुखशुद्धी, रुची आणि सुगंधासाठी. भूक मारण्यासाठी नव्हे.

या साध्या गोष्टीचा धंदा झाला की काय होतं, तेही बघा. अमेरिकेत ‘सेन्सा’ नावाची भुकटी होती. अन्नावर शिंपडा, वासानं पोट लवकर भरेल, वजन उतरेल, अशी जाहिरात. दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून 2014 साली तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली आणि 2 कोटी 65 लाख डॉलर देण्याचं ठरलं.

आपल्याकडं धोका निराळा आहे. मराठवाड्यात ऊसतोडीला जाणारी माणसं, रोजंदारीवरच्या बाया, भूक मारायला तंबाखू नाहीतर सुपारी गालात धरतात. ती वखवख नसते, खरी भूक असते. तिला दाबायचं नसतं, जेवायचं असतं. सुपारी तर तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली जाहीर केलेलं आहे.

आणि घरात मधुमेही असेल तर नीट ऐका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना अचानक घाम, थरथर आणि खा-खा सुटली, तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते. अशा वेळी चमेली हुंगत बसू नका. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या आणि डॉक्टरांना कळवा. तसंच निलगिरीचं तेल आणि कापूर लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात.

एका ताईंचा प्रश्न आलाय: मग प्रसादाच्या तांबूलाचं काय, त्यात सुपारी असते ना? ताई, प्रसादाची चिमूट आणि रोज तासन्‌तास गालात ठेवलेली सुपारी, यात प्रमाणाचा मोठा फरक आहे. घरी कुटाल तेव्हा सुपारी आणि कात वगळा. पान, बडीशेप, वेलदोडा, एखादी लवंग, थोडं सुकं खोबरं घ्या. वास त्यातूनच येतो. आणि जेवण झाल्यावरच घ्या.