ब्लूजचे व्याकरण

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने नावापासूनच अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. काळ्यांच्या साहित्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. त्यांच्या संगीताची त्या मानाने कमी झाली, असे मला वाटते. ब्लूज म्हणजे तीन कॉर्डचे साधेसुधे गाणे, असा शेरा मारून अनेकजण मोकळे होतात. हा शेरा तपासायचा तर त्या तीन कॉर्डचे व्याकरण समजून घेतले पाहिजे. त्यासाठी आपल्या जलशातली पेटी पुरेशी आहे.

पांढरी एकला सा धरा. सा, ग, प एकदम दाबा. ही पहिली कॉर्ड, म्हणजे घर. म, ध, सा ही दुसरी. ती घराबाहेर नेते. प, नी, रे ही तिसरी. तिच्यातला नी वरच्या सा-ला अगदी लागून असल्याने ती घराकडे ओढ घेते. या तिघींत सातही शुद्ध स्वर येऊन जातात.

ब्लूजच्या सर्वांत प्रचलित रूपात चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे ४८ मात्रांचे एक आवर्तन असते. चार विभाग सा-ची कॉर्ड. मग दोन म, दोन सा. शेवटी एक प, एक म आणि दोन सा. शब्दांच्या ओळी तीन. पहिली ओळ सा-वर येते. तीच ओळ पुन्हा येते ती म-वर. शब्द तेच, पण पायाखालची जमीन सरकलेली. तिसरी ओळ प-वरून उतरत जवाब देते. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि गिटार बोलते.

युरोपीय अभिजात संगीताच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे म-कडून प-कडे आणि तेथून सा-कडे जावे. प-वरून मागे म-वर येणे नियमाबाहेरचे. ब्लूज नेमके तेच करतो. दुसरा नियम असा की, कॉर्डमध्ये कोमल नी-सारखा चौथा स्वर मिसळून अस्वस्थता निर्माण केली, तर ती पुढच्या कॉर्डमध्ये शमवलीच पाहिजे. ब्लूज हा कोमल नी थेट सा-च्या कॉर्डमध्ये घालतो. म्हणजे घरी परतल्यावरही स्वस्थता नाही. शिवाय गाणारा गळा कोमल आणि शुद्ध ग यांच्या मधली जागा घेतो. ती पेटीवर सापडतच नाही.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेतील काळ्या माणसाच्या वाट्याला सावकाराची वही आणि झुंडीचा दोर आला. त्यांच्याच वस्त्यांतून ब्लूज घडला. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' छापले; १९२० साली मेमी स्मिथ यांची 'क्रेझी ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे जॅझ आणि रॉक यांनी हाच बारा विभागांचा साचा उचलला.

न शमणारा कोमल नी हा मला या जगण्याचा स्वर वाटतो. परक्या व्याकरणाने मोजला की तो दोष ठरतो. दलित साहित्यालाही 'ओबडधोबड' म्हणणारे समीक्षक आपण पाहिले आहेत. म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे व्याकरण शिकावे. नियम कोणता मोडला एवढे पाहून थांबू नये. तो नियम कोणाच्या जगण्यातून आला, हेही विचारावे.