सुट्टीचा प्रवास मुलांच्या कलाने

मे महिन्याची सुट्टी लागली की गोव्यातील घराघरांत प्रवासाची तयारी सुरू होते. कुणाला चोर्ला घाटातून बेळगाव गाठायचे असते, कुणाला आंबोलीमार्गे कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचे असते, तर कुणी मडगावहून कोकण रेल्वेने मुंबईच्या नातलगांकडे निघते. कपडे, खाऊ, आरक्षण यांची यादी काटेकोरपणे केली जाते. मात्र प्रवासात मूल नेमके कुठे बसणार, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उत्तर गृहीत असते : आईच्या मांडीवर.

मांडी सुरक्षित का नाही?

घरात मांडीइतकी निर्धास्त जागा दुसरी नाही. धावत्या मोटारीत मात्र ती तशी राहत नाही. वाहन आदळून एकाएकी थांबले, तरी आतील माणसे त्याच वेगाने पुढे फेकली जातात. त्या क्षणी दहा किलोच्या मुलाला रोखून धरण्यास त्याच्या वजनाच्या अनेक पट बळ लागते आणि ते कुणाच्याही हातांत नसते. आई आणि मूल अशा दोघांभोवती एकच पट्टा बांधणे तर अधिकच घातक. कारण आईच्या शरीराचा भार मुलावर येतो.

म्हणूनच तान्ह्या मुलांसाठी मागे तोंड असलेले आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी पुढे तोंड असलेले बालआसन मागच्या सीटवर बसवावे. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेले आसन कधीही ठेवू नये. पट्टा मुलाच्या मानेवरून किंवा पोटावरून नव्हे, तर खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा. तसा तो बसत नसेल, तर उंची वाढवणारे आसन वापरावे.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना आढळल्यास एक हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा आणि हेल्मेट आवश्यक असून वेगाची मर्यादा ताशी 40 किलोमीटर आहे. हा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे.

घाटातील वळणे

घाट सुरू झाला की मुलांना गाडी लागते. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय वळणे टिपत असते, तर डोळे मोबाइलच्या स्थिर पडद्यावर खिळलेले असतात. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. दोन ते बारा या वयात हा त्रास विशेष जाणवतो. घाटापूर्वी भरपेट किंवा तेलकट खाऊ देऊ नये, मोबाइल बाजूला ठेवून दूरवरचे डोंगर पाहायला लावावे, खिडकी थोडी उघडी ठेवावी. गोळी द्यायची झाल्यास ती डॉक्टरांना विचारूनच द्यावी. चालत्या गाडीत लहान मुलाच्या हाती शेंगदाणे, सुपारी, गोळ्या असे घशात अडकणारे पदार्थ मुळीच देऊ नयेत.

रेल्वेतील बर्थ

रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतंत्र बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलासाठी बर्थ हवा असल्यास पूर्ण भाडे द्यावे लागते. बर्थ नको असल्यास आरक्षित शयनश्रेणीत अर्धे. रात्रभराच्या प्रवासात एका बर्थवर दोघे अवघडून झोपण्यापेक्षा हा खर्च परवडतो. मुलासोबत खालचाच बर्थ घ्यावा आणि मुलाला भिंतीकडच्या बाजूला झोपवावे. पालकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी मुलाच्या खिशात असावी. अडचण आल्यास रेल्वेचा 139 आणि बालकांसाठीचा 1098 हे क्रमांक कामी येतात.

उन्हाचा धोका

वाटेत चहासाठी थांबताना झोपलेल्या मुलाला ‘पाचच मिनिटे’ म्हणून बंद गाडीत ठेवण्याची चूक जिवावर बेतू शकते. उन्हातील बंद मोटारीचे तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते. जुलाब झाल्यास ओआरएसचे एक लिटरचे पाकीट नेमक्या एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे, थोडे थोडे पाजावे आणि चोवीस तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे. सहा महिन्यांखालील अर्भकाला प्रवासातही आईचे दूध वारंवार पाजावे. वरचे पाणी देऊ नये.

मुलाच्या झोपेची वेळ पाहून पहाटे निघावे, दर दोन तासांनी थांबावे आणि पोहोचण्याची वेळ थोडी लांबली तरी चालेल, हे मोठ्यांनी आधीच मनाशी ठरवावे. मूल पहिल्या दिवशी आसनात बसताना रडेल. पण प्रत्येक प्रवासात नियम तोच राहिला, तर काही दिवसांत ती जागा त्याला आपलीशी वाटू लागते. आजोळी पोहोचल्यावर मग मांडी त्याचीच आहे.