सायकल चालवा, पण ‘अगदी कडेने’ नको!

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो तोच आमच्या भागातले एक पाववाले दारात उभे. उजवा हात डाव्या हाताने उचलून धरलेला, खांदा खाली आलेला, चेहरा घामाने डबडबलेला. पाहताक्षणीच ओळखले, हासळीचे हाड मोडले होते. स्टेशनकडे जाताना रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले आणि हे पावाच्या गोणीसकट रस्त्यावर उजव्या अंगाने पडले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक दाबला म्हणून हाडावरच निभावले.

झोळी बांधून देताना ते म्हणाले, “डॉक्टर, चूक माझी होती का हो? मी तर अगदी कडेने चाललो होतो.”

त्यांचा प्रश्न मनात राहिला. आपण सगळेच लहानपणापासून ‘सायकल कडेने चालव’ हे ऐकत आलो. पण आजच्या रस्त्यावर ‘अगदी कडेने’ हीच कधी कधी सर्वांत धोक्याची जागा असते. आजचा लेख त्यासाठीच.

जुने सायकलवाले, नवे सायकलवाले

मिरा-भाईंदरमध्ये सायकल नवीन नाही. पाव, दूध, वर्तमानपत्रे घरोघरी पोचतात ती सायकलवरूनच. भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांतले कामगार, रात्रपाळीचे वॉचमन वर्षानुवर्षे सायकलनेच ये-जा करतात. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्या भारतीयांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात असल्याचे दिसले. ही मंडळी व्यायामासाठी सायकल चालवत नाहीत. भाड्याचे पैसे वाचतात म्हणून चालवतात.

नवे सायकलवाले आले ते २०२० नंतर. त्या वर्षी मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि सर्वसामान्यांना त्या पुन्हा खुल्या व्हायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. त्या काळात अनेकांनी माळ्यावरची सायकल खाली काढली. काहींनी ती पुढेही सोडली नाही. रविवारी उत्तन-गोराईच्या रस्त्यावर हेल्मेटवाले तरुण दिसतात. माझ्या दवाखान्यातले काही मधुमेही तर आता रोज सायकलने स्टेशन गाठतात.

फायदा किती?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. आपले गाव खाडीकाठचे आणि सपाट. घरापासून स्टेशन तीन किलोमीटर धरा. सावकाश सायकलने पंधरा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे बरोबर १५० मिनिटे! वेगळा वेळ काढायला नको.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्के कमी आढळले. सायकल चालवणारी माणसे मुळातच जरा निरोगी असू शकतात, म्हणून सारे श्रेय सायकलला देता येणार नाही. तरीही साखर, रक्तदाब, वजन आणि गुडघे या चारही बाबतींत हा व्यायाम चांगला, हे मी रोज पाहतो.

वेगाचे गणित

मग लोक घाबरतात कशाला? मोटारीच्या वेगाला. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात आठ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरवर थांबते. ताशी ५० वेगाची गाडी त्या एका सेकंदातच चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबलेली असते, तिथे दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय नुकताच ब्रेकवर पडत असतो! शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. हाडामांसाच्या माणसाला हा फरक जीवनमरणाचा आहे.

सायकलस्वारांनी हे पाळावे

उभ्या गाड्यांपासून एक हातभर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवा. दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरणे आणि पुन्हा बाहेर येणे टाळा, कारण मागच्या चालकाला तुमचा अंदाज येत नाही.

ट्रक, बस किंवा डंपर डावीकडे वळणार असेल तर त्याच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका. चालक उजवीकडे बसतो, त्याला डावीकडचा खालचा भाग दिसत नाही. काशीमिरा नाक्यासारख्या अवजड वाहनांच्या ठिकाणी दोन मिनिटे मागे थांबलेले बरे.

उलट दिशेने येऊ नका. वळण्याआधी मागे पाहा, हात दाखवा. रात्री पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगात फिकट कपडे असावेत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच समजा. लोखंडी जाळ्यांवर ब्रेक दाबू नका. हेल्मेट घाला. मोबाईल खिशात राहू द्या.

सीटची उंचीही नीट हवी. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. छातीत दुखणे, धाप लागणे असा त्रास असणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात थोडी साखर ठेवावी.

गाडीवाल्यांना विनंती

दार उघडताना दाराच्या जवळच्या हाताने उघडू नका, लांबच्या हाताने उघडा. चालकाने डाव्या हाताने उजवे दार उघडले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारा दिसतो. हॉलंडमध्ये ही सवय जुनी आहे. तिला पैसा लागत नाही.

सायकलला मागे टाकताना किमान एक मीटर जागा सोडा. जागा नसेल तर क्षणभर मागे राहा. मागे येऊन हॉर्न वाजवत राहिलात तर सायकलवाला दचकतो आणि तोल जातो. आणि तो रस्त्याच्या मध्यावर आला तर तो हट्टाने आला असे समजू नका. बहुधा पुढे खड्डा असतो.

अपघात झालाच तर

जखमीला ओढून उठवू नका. मान हलू देऊ नका. वाहते रक्त स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांच्या भीतीने लोक पुढे येत नाहीत. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

डोक्याला मार लागला असेल तर पुढचे चोवीस तास लक्ष ठेवा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा फिट यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालयात न्या. हँडल पोटात घुसले असेल तर वरून खरचटलेले नसले तरी यकृत वा प्लीहा फाटलेली असू शकते. पोट दुखत राहिले, चक्कर आली तर ‘थोडं मुकं लागलंय’ म्हणून घरी थांबू नका. मुलांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवा.

आमच्या पाववाल्यांना सहा आठवडे सायकल बंद सांगितली होती. तेवढे दिवस त्यांचा मुलगा शाळेआधी फेरी मारत होता. परवा ते तपासणीला आले, हाड चांगले जुळले आहे. त्यांच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, “चूक तुमची नव्हती. पण यापुढे हातभर अंतर ठेवा, आणि मुलालाही शिकवा.” ते हसून म्हणाले, “डॉक्टर, मी ठेवीन. पण तेवढं गाडीवाल्यांनाही सांगा.”

म्हणून हे सांगितले.