पावसाला दाद न देणारा निळा

कोकणातल्या पोफळीत दारावर रंगाने लिहिलेलं नाव चार-दोन पावसाळ्यांत पुसट होतं. तिथला माणूस पणजीच्या फोंतेन्हासमध्ये गेला की घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या नामपाट्यांपाशी म्हणूनच रेंगाळतो. कोकणपट्टीचाच पाऊस, मग हा रंग टिकतो कसा?

उत्तर भट्टीत आहे. मातीची टाइल हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि कथिलाच्या ऑक्साइडने पांढरा होणारा काचेचा लेप तिच्यावर चढवतात. लेप वाळला की सुईने टोचलेला कागद ठेवून कोळशाची पुरचुंडी आपटायची. रांगोळीच्या ठिपक्यांसारखा आराखडा उमटतो.

खरी परीक्षा पुढे. वाळलेला लेप इतका भुसभुशीत, की मनगट टेकलं तरी उडतो. कुंचला लागताक्षणी तो पाणी शोषतो. हात थबकला तर तिथे डाग पडतो, आणि खोडायची सोय नाही. त्यात निळा दिसतच नाही! कोबाल्टचा रंग लावताना मळकट, काळपट असतो. फिकी-गडद छटा पाण्याच्या प्रमाणावर ठरते. न दिसणाऱ्या रंगाचा हिशेब कारागिराच्या हातालाच ठेवावा लागतो. पुन्हा हजार अंशांच्या जवळ भाजलं की लेप वितळून काच होते, रंग तिच्यात मुरतो आणि निळा उजळतो. पाऊस त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

चिनी पोर्सेलीनची बरोबरी करू पाहणाऱ्या इराकी कुंभारांनी नवव्या शतकात हा पांढरा लेप साधला. स्पेन, इटली अशी वळणं घेत ही कला पोर्तुगालात पोहोचली आणि ‘अझुलेजो’ म्हणून तिथलीच झाली. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात चित्रकार जॉर्ज कोलासोने पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग टाइल्सवर रंगवले आहेत, 1935 सालचे. पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या साव बेंतू रेल्वे स्थानकातल्या सुमारे 20,000 टाइल्सही त्याच्याच. वीस हजार टाइल्स, आणि एकीवरही खोडरबर नाही!

पोर्तुगालात शिकून आलेल्या ऑर्लांदो द नोरोन्या यांनी पणजीत ही कला पुन्हा रुजवली. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रंही टाइल्सवर आली. आज मात्र दुकानात छापील टाइल्सही असतात. त्या वाईट नाहीत, पण ते काम वेगळं. पाटी घेताना भिंग लावून पाहा: बारीक, एकसारखे ठिपके दिसले तर छापील, फटकाऱ्यावर फटकारा जाऊन रंग गडद झालेला दिसला तर हातची. चार पैसे जास्त पडले तरी हातचीच घ्या, आणि नाव देवनागरीत लिहून मागा.