मुखावरील केंस : लाजेचा विषय कीं प्रकृतीचा?

माझ्या एका जिवलग मैत्रिणीची एकोणीस वर्षांची मुलगी गेल्या वैशाखांत आमच्या घरीं चार दिवस राहावयास आली होती. मुलगी हुशार, बोलकी, सर्वांच्या उपयोगी पडणारी. परंतु सकाळीं स्नानगृहाचें दार एकदां लावून घेतलें कीं अर्धा अर्धा तास उघडीत नसे. घरांत माणसें दहा आणि स्नानगृह एक. तेव्हां कुरबुर सुरू झाली यांत नवल नाहीं. तिसऱ्या दिवशीं आरशापाशीं विसरलेला एक लहानसा चिमटा मला सांपडला. रात्रीं दिवा मालवल्यावर मीं हळूच विषय काढला, तों पोर हुंदके देऊं लागली. हनुवटीवर आणि गालांच्या कडेला येणारे राठ केंस ती दोन वर्षें रोज सकाळीं उपटीत होती. आईनें बजाविलें होतें, "कोणापाशीं बोलूं नकोस, तुझें लग्न व्हायचें आहे." मीं विचारलें, "आणि पाळी?" ती म्हणाली, "चार-चार महिने येत नाहीं, मावशी. पण तें एका दृष्टीनें बरेंच, नाहीं का?"

या शेवटच्या उत्तरानें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. केंसांची गोष्ट तिला लाजेची वाटत होती आणि पाळीची सोयीची! या दोहोंचें मूळ एकच असूं शकेल, ही शंका त्या सुशिक्षित घरांत कोणालाहि शिवली नव्हती. म्हणूनच हा विषय आज वाचकभगिनींपुढें, आणि त्यांच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढेंहि, मोकळेपणानें मांडावयाचें मीं योजिलें आहे.

लव आणि राठ केंस

तळहात, तळपाय, ओठ अशीं थोडीं स्थळें सोडलीं तर मनुष्याच्या सर्वांगावर केंसांचीं मुळें असतात. स्त्रीच्या चेहऱ्यावरहि तीं असतातच. पण त्यांतून उगवणारे केंस मऊ, आंखूड व फिकट असल्यामुळें ते सहसा डोळ्यांत भरत नाहींत. त्यांनाच आपण लव म्हणतों. वयांत येतांना शरीरांत 'अँड्रोजेन' या वर्गाचीं संप्रेरकें, म्हणजे हार्मोन्स, वाढूं लागतात. त्यांना पुरुषी संप्रेरकें म्हणण्याचा प्रघात असला तरी स्त्रीच्या शरीरांतहि तीं असतात. अंडाशय आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी तीं तयार करितात, व अल्प प्रमाणांत तीं आवश्यकहि असतात. हें प्रमाण वाढलें, किंवा प्रमाण योग्य असूनहि केंसांचीं मुळें त्यांच्या बाबतींत अधिक हळवीं असलीं, म्हणजे लवेच्या जागीं जाड, काळे व राठ केंस येऊं लागतात. वरचा ओठ, हनुवटी, गालांच्या कडा, छाती, बेंबीखालचा भाग, या पुरुषांना केंस येण्याच्या जागा. तेथेंच ते स्त्रीला आले म्हणजे त्या स्थितीस वैद्यकांत 'हिर्सुटिझम' म्हणतात.

ही वाढ मोजण्याची एक पद्धत फेरिमन व गॅल्वे या दोघांनीं १९६१ सालीं मांडली. तिच्या आजच्या रूपांत शरीराच्या नऊ भागांना प्रत्येकीं शून्य ते चार गुण देतात. म्हणजे अधिकांत अधिक बेरीज ३६ होते. २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणें ही बेरीज, वंशपरत्वें, ४ ते ६ किंवा अधिक भरली तर वाढ जादा समजावी. तात्पर्य, वरच्या ओठावर चार केंस दिसले म्हणजे कांहीं रोग झाला असें नव्हे. आई, आजी, आत्या यांच्या चेहऱ्यावरहि तसेच केंस असतील आणि पाळी नियमित असेल, तर तो बहुधा कुळाचा वारसा समजावा.

कारणें कोणतीं?

सर्वांत अधिक आढळणारें कारण म्हणजे अंडाशयाचा तो विकार, ज्याला आज घरोघरीं 'पीसीओएस' किंवा 'पीसीओडी' या नांवानें ओळखतात. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनीं १९३५ सालीं सात स्त्रियांचें वर्णन प्रसिद्ध करून या विकाराकडे वैद्यकाचें लक्ष वेधिलें. पाळी बंद होणें वा लांबणें, अंगावर केंस वाढणें व अंडाशय मोठे होणें अशीं लक्षणें त्यांनीं नोंदविलीं. यांत अंडाशयावर ज्या 'गांठी' दिसतात त्या वस्तुतः गांठी नसून पूर्ण वाढ न झालेले बीजपुटक असतात, हें समजलें म्हणजे निम्मी भीति नाहींशी होते. या विकारांत पुष्कळदां शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीं. मग शरीर तें अधिक निर्माण करितें, आणि तें वाढलेलें इन्सुलिन अंडाशयांकडून अँड्रोजेन जास्त तयार करविते. मानेवर व कांखेंत मखमलीसारखा काळसर थर दिसतो तो याच इन्सुलिनची खूण असूं शकतो. आपल्या घरांत त्याला मळ समजून मुलीची मान घासून घासून लाल करितात!

हा विकार विरळा आहे असेंहि नाहीं. मुंबईंतील १५ ते २४ वयाच्या मुलींच्या, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, सर्वमान्य व्याख्येप्रमाणें २२.५ टक्के आणि अधिक कडक व्याख्येप्रमाणें १०.७ टक्के मुलींत तो आढळला. कडक आंकडाच धरला तरी दहा मुलींमागें एक असें प्रमाण पडतें.

दुसरें कारण असें कीं, कांहीं स्त्रियांची पाळी नियमित असते, रक्तांतील संप्रेरकेंहि ठीक असतात, केवळ केंसांचीं मुळें हळवीं असतात. तिसरें वयाचें. पाळी जाण्याच्या सुमारास स्त्रीचें स्वतःचें संप्रेरक, इस्ट्रोजेन, घटतें व अँड्रोजेनचा पगडा तुलनेनें वाढतो. म्हणून पन्नाशीच्या बायकांच्या हनुवटीवर दोन-चार राठ केंस येतात. चवथें, अधिवृक्क ग्रंथींचे विकार. त्यांतील एक सौम्य प्रकार जन्मतःच असून तारुण्यांत प्रकट होतो. पांचवें कारण औषधांचें. अपस्माराचीं कांहीं औषधें, व्यायामशाळांतून खपणारीं शरीर कमावण्याचीं स्टेरॉइडें, आणि गोरेपणासाठीं वा मुरुमांसाठीं महिनोंमहिने चोळलीं जाणारीं स्टेरॉइडयुक्त मलमें यांनीं चेहऱ्यावर केंस वाढतात. शेजारणीनें सुचविलेलें मलम मुलीच्या तोंडाला लावण्यापूर्वीं त्यांत काय आहे हें वाचून पाहण्याइतकी आपली साक्षरता उपयोगीं पडावयास हवी.

एक सूचना मात्र ठळकपणें ध्यानीं धरावी. केंसांची वाढ थोड्याच महिन्यांत झपाट्यानें झाली, आवाज घोगरा होऊं लागला, डोक्यावरील केंस पुरुषांप्रमाणें विरळ झाले, स्नायू पुष्ट होऊं लागले, तर एक दिवसहि न दवडतां डॉक्टरांकडे जावें. क्वचित् प्रसंगीं अंडाशयांत वा अधिवृक्क ग्रंथींत अर्बुद असतें, त्याचीं हीं चिन्हें होत.

आधीं परीक्षा, मग उपाय

आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. प्रथम उटणें, मग सौंदर्यप्रसाधनगृह, मग लेझर, आणि सर्व पैसा खर्च झाल्यावर डॉक्टर! वास्तविक ज्या मुलीचे केंस वाढत आहेत तिला पहिला प्रश्न पाळीचा विचारावा. पाळी वर्षानुवर्षें लांबत राहिली तर गर्भाशयाचें अस्तर जाड होत जातें व पुढें धोका संभवतो. या विकारांत मधुमेह व रक्तदाब यांचाहि संभव वाढतो. म्हणजे हनुवटीवरील केंस हे शरीरानें वेळेवर पाठविलेलें पत्रच आहे. पत्र वाचावयाचें सोडून आपण तें रोज सकाळीं उपटून टाकितों.

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ रक्तांतील टेस्टोस्टेरॉन, साखर, थायरॉइड इत्यादि तपासतात आणि जरूर वाटल्यास सोनोग्राफी करवितात. वजन जास्त असेल तर तें पांच ते दहा टक्क्यांनीं जरी उतरलें तरी पाळी पुष्कळदां सुधारते. पण हाडकुळ्या मुलींनाहि हा विकार होतो. तेव्हां "खाणें कमी कर" एवढाच उपदेश सर्वांना करूं नये. औषधांत संप्रेरकांच्या संयुक्त गोळ्या व गरज पडल्यास अँड्रोजेनला अटकाव करणारीं औषधें देतात. केंसांची आयुर्मर्यादा लांब असल्यामुळें फरक दिसावयास निदान सहा महिने लागतात; महिन्याभरांत गोळ्या सोडून देणें म्हणजे पेरलेलें दुसऱ्या दिवशीं उकरून पाहणें होय. मात्र अँड्रोजेनविरोधी औषधें गर्भाला, विशेषतः पुत्रगर्भाला, अपायकारक असतात. म्हणून तीं चालू असतां गर्भ राहूं न देण्याची दक्षता घ्यावी लागते. नव्या सुनेनें सासरीं गोळ्या लपवून घेणें किती धोक्याचें आहे, हें यावरून कळेल.

आतां वरच्या उपायांविषयीं. वस्तऱ्यानें केंस काढल्यास ते दाट येतात, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेंतील सेंट लुईच्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ विदुषीनें १९२८ सालींच प्रयोगानें दाखविलें कीं, हजामतीनें केंसांचा रंग, जाडी वा वाढीचा वेग बदलत नाहीं. कापलेलें टोंक बोथट असतें म्हणून तें राठ भासतें, इतकेंच. दोऱ्यानें किंवा चिमट्यानें उपटल्यास कांहीं दिवस सुटका होते. पण हनुवटीवर वारंवार उपटल्यानें केंस कातडीच्या आंत वळतात, पुटकुळ्या येतात व काळे डाग पडतात. केंस काढण्याचें मलम वापरावयाचें तर चेहऱ्यासाठीं म्हणून असलेलेंच घ्यावें, व आदल्या दिवशीं हातावर लावून पाहावें. डाळीचें पीठ व हळद यांच्या उटण्यानें कातडी स्वच्छ होते, सणासुदीला प्रसन्न वाटतें. पण राठ झालेल्या केंसाचें मूळ त्यानें जात नाहीं.

विजेच्या सुईनें एकेक मूळ जाळण्याची रीत सर्वांत जुनी. १८७५ सालीं सेंट लुईचेच नेत्रवैद्य मिशेल यांनीं डोळ्यांत रुतणाऱ्या पापण्यांसाठीं ती प्रथम वापरल्याचें प्रसिद्ध केलें. ती वेळखाऊ आहे, पण पांढऱ्या केंसांवरहि चालते. लेझर तशी चालत नाहीं, कारण लेझरचा प्रकाश केंसांतील काळ्या रंगानें शोषला जातो. आपल्या गव्हाळ व सांवळ्या कातडीवर चुकीच्या यंत्रानें भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका असतो. म्हणून अशा कातडीस मानवणारें यंत्र, उदाहरणार्थ लांब लहरींचें एनडी-याग लेझर, व तें चालविणारे जाणते त्वचारोगतज्ज्ञ यांची खात्री करून घ्यावी. कांहीं आठवड्यांच्या अंतरानें अनेक बैठका लागतात, आणि आंतील संप्रेरकें तशींच चढलेलीं ठेविलीं तर नवे केंस येत राहतात. कायमचें निर्मूलन एका बैठकींत करूं म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवूं नये. विसाव्या शतकाच्या आरंभीं पाश्चात्य देशांत अशाच मोहानें क्ष-किरणांनीं केंस घालविले जात. त्यांतील कित्येक स्त्रियांना पुढें कातडीचे कर्करोग झाले.

घराचें कर्तव्य

औषध डॉक्टर देतील. पण अर्धें दुखणें घराच्या जिभेवर आहे. एकत्र कुटुंबांत प्रेम पुष्कळ, तशी दृष्टीहि पुष्कळांची. "हिला मिशा फुटल्या बघ" असें दीर विनोदानें म्हणतो, काकू हंसतात, आणि मुलगी त्या दिवसापासून फोटो काढून घेईनाशी होते. या विकारांत मन खिन्न होण्याचें व चिंतेचें प्रमाण अधिक असतें, व म्हणून त्याचीहि विचारपूस करावी, असें वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेंतच सुचविलें आहे. आपल्या घरांत विचारपूस तर राहोच, थट्टा तेवढी थांबली तरी मोठा उपकार होईल.

दुसरी गोष्ट, "लग्न झालें कीं सर्व सुरळीत होतें" हें वाक्य आपण आतां टाकून द्यावें. लग्नानें संप्रेरकें बदलत नाहींत. तसेंच, "हिला मूल व्हायचें नाहीं" ही कुजबूजहि तितकीच निराधार. उपचारानें, व पुष्कळदां उपचाराशिवायहि, अशा स्त्रियांना मुलें होतात. ठरणाऱ्या घरीं मुलीनें स्वतः, तिच्या इच्छेनें, ही गोष्ट सांगावी व तिच्या आईनें तिच्या शेजारीं बसावें. चष्म्याचा नंबर जितक्या सहजतेनें सांगतों, तितक्या सहजतेनें ही गोष्ट सांगतां येईल असें घर आपण घडविलें पाहिजे.

आणि एखादी स्त्री परीक्षा करवून घेऊन म्हणाली, "मला हे केंस काढावयाचेच नाहींत," तर तो निर्णय तिचा आहे. केंस काढणें हें औषध नव्हे आणि कर्तव्यहि नव्हे. प्रकृति तपासून घेणें मात्र अवश्य आहे.

त्या मुलीच्या आईला मीं दुसऱ्याच दिवशीं बोलावून घेतलें. ती प्रथम रागावली, मग गप्प झाली, आणि शेवटीं हलक्या आवाजांत म्हणाली, "मलाहि त्या वयांत असेंच होतें. माझ्या आईनें मला हेंच सांगितलें होतें." आम्ही तिघी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेलों. उपचार चालू आहेत. केंस अजून पुरते गेलेले नाहींत, पण पाळी येऊं लागली आहे. दिवाळींत ती पुन्हां आमच्याकडे आली, तेव्हां स्नानगृहाच्या दारापाशीं कोणालाहि खोळंबून राहावें लागलें नाहीं.