देव भला की सर्वशक्तिमान?

जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आले. धर्मावर वाद घालण्याची त्यांना विलक्षण हौस होती. शास्त्री, मौलवी, पारशी दस्तूर, कुणालाच त्यांनी सोडलं नाही. आज गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजमुळे त्यांचं नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे. त्या काळात मात्र त्यांच्या नावाने पारशी वस्त्यांत झोप उडत असे. १८३९ मध्ये त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं आणि समाज हादरला. पुढे १८४३ मध्ये विल्सन यांनी पारशी धर्मावर जाडजूड ग्रंथच लिहिला. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता: जगातलं सगळं वाईट अहरिमन नावाच्या दुष्ट शक्तीने केलं आणि त्याला देवाने निर्माण केलेलं नाही, असं तुमचे ग्रंथ सांगतात. मग तुमचा देव सर्वशक्तिमान कसा?

खरं तर हा पेच एकट्या पारशांचा नाही. देव भला आहे, देव सर्वशक्तिमान आहे आणि जगात वाईट आहे, ही तीन विधानं एकत्र नांदवताना प्रत्येक धर्माची दमछाक झाली आहे. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांत ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयतेचा आरोप येतो, असा आक्षेप नोंदवून त्याला कर्माचं उत्तर दिलं आहे. त्यावर शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पीक बियाणाप्रमाणे येतं. युक्तिवाद बिनतोड आहे. जन्मांध मुलापुढे मात्र तो कोरडा वाटतो. ख्रिस्ती परंपरेत संत ऑगस्टिन यांनी वाईटाला स्वतंत्र अस्तित्वच नाकारलं. वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, एवढंच. विशेष म्हणजे हेच ऑगस्टिन तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानीच्या पंथात होते आणि प्रकाश-अंधाराच्या युद्धावर उभा असलेला तो पंथ इराणी साम्राज्यातच जन्मला होता.

पारशांच्या झरथुष्ट्री धर्माने पेचातून काढलेली वाट सर्वांत धीट आहे, असं मला वाटतं. त्याने देवाचा भलेपणा राखला आणि त्यासाठी त्याच्या सर्वशक्तिमानपणाला, निदान सध्यापुरती, कात्री लावली. देव जिंकणार हे नक्की, पण अजून जिंकलेला नाही.

याचं मूळ गाथांमध्ये आहे. खुद्द धर्मसंस्थापक झरथुष्ट्राची मानली जाणारी ही १७ सूक्तं ७२ अध्यायांच्या ‘यस्न’ या संहितेत आहेत. त्यांची भाषा ऋग्वेदाच्या इतकी जवळची, की संस्कृतच्या अभ्यासकाला ती मावसभाषा वाटावी. तिसाव्या अध्यायात दोन जुळ्या आत्मशक्तींचं वर्णन येतं. आरंभीच एकीने जीवन निवडलं, दुसरीने त्याचा नकार. आपले देव तिथे ‘दएव’ म्हणून भेटतात आणि तेसुद्धा चुकीची बाजू निवडतात! निवड कुणालाच चुकलेली नाही, आणि प्रत्येक माणसानेही ती स्वतःच करायची आहे. आईबापांनी, पुरोहिताने किंवा नशिबाने त्याच्या वतीने ती केलेली चालत नाही. नवजोतीच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या, वेळी मूल सदरा-कस्ती (पवित्र सदरा आणि कमरेचा दोरा) धारण करतं, ते याच निवडीची जाहीर कबुली देऊन.

गाथांत हे सूत्ररूपाने आहे. त्याची सविस्तर कथा पहलवी भाषेतल्या ‘बुंदहिश्न’मध्ये येते. ग्रंथाला आजचं रूप साधारण नवव्या शतकात आलं, मजकूर मात्र बराच जुना. वर प्रकाशात ओहर्मझ्द, म्हणजेच अहुर मझ्द. खाली अंधारात अहरिमन. ओहर्मझ्दला पुढचं सारं आधी कळतं, अहरिमनाला सगळं मागाहून कळतं; वाईटाचं शहाणपण नेहमी पश्चातबुद्धीचं. ओहर्मझ्द आधी तहाचा प्रस्ताव देतो, अहरिमन तो धुडकावतो. मग युद्धाची मुदत ठरते: नऊ हजार वर्षं. मुदत नसेल तर हा शत्रू कधीच संपणार नाही, हे ओहर्मझ्दला दिसत असतं. मुदतीत आपणच संपणार, हे अहरिमनाला सुचत नाही आणि तो होकार देऊन बसतो. ओहर्मझ्द २१ शब्दांचा अहुनवर मंत्र म्हणतो आणि शत्रू तीन हजार वर्षं मूर्च्छित पडतो. तेवढ्या अवधीत हे दृश्य जग घडतं. अहरिमन शुद्धीवर येऊन त्यात घुसतो, पाणी खारट करतो, झाडांना काटे आणतो, अग्नीत धूर मिसळतो.

कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग या धामधुमीत सहज निसटतो. ओहर्मझ्द माणसांच्या फ्रवशींना, म्हणजे जन्माआधीपासून असलेल्या आत्म्यांना, विचारतो: इथेच सुरक्षित राहता आणि कायम माझ्या संरक्षणाखाली असता, की देह धारण करून खाली जाता, या दुष्टाशी लढता आणि शेवटी अमर होता? त्या खाली जायचं ठरवतात. म्हणजे जन्म ही शिक्षा नाही, कर्माची फेड नाही, पतनही नाही. आपण होऊन पत्करलेली कामगिरी आहे. ‘मला कुणी विचारलं होतं जन्माला यायचंय का म्हणून?’ असं वैतागून म्हणणाऱ्याला निदान या एका धर्मात उत्तर मिळतं: हो, विचारलं होतं.

एकदा हे मान्य केलं की बाकीचा आचार ओघानेच येतो. जग हे देवाच्या बाजूचं, म्हणून त्याचा त्याग पुण्याचा नाही. ‘वेंदिदाद’ हा ग्रंथ उपाशी राहणाऱ्यापेक्षा पोटभर जेवणाऱ्याला आणि अविवाहितापेक्षा संसारी माणसाला वरचं स्थान देतो. धान्य पेरणारा धर्मच पेरतो, असं सांगतो. मुंग्या, साप यांसारखे जीव अहरिमनाचे, म्हणून मगी पुरोहित ते स्वहस्ते मारत, याची ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंद केली आहे. आपल्या अहिंसेच्या कल्पनेला हे पटणं कठीण. पहलवी हस्तलिखितांत अहरिमनाचं नाव पुष्कळदा उलटं, डोकं खाली करून लिहिलेलं आढळतं. नकल करणारा लेखनिकही आपल्यापुरती लढाई लढून घेत होता.

मृत्यू हा याच युद्धातला शत्रूचा एक विजय, तात्पुरता. प्रेतावर ‘नसू’ नावाची विटाळाची राक्षसी झडप घालते. म्हणून प्रेताजवळ कुत्रा आणतात, त्याची नजर पडली की तिचा जोर ओसरतो. या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेल्या ‘चार डोळ्यांच्या’ कुत्र्याचा मान मोठा. अग्नी, पाणी आणि माती पवित्र, त्यांना विटाळ होऊ नये म्हणून देह दखम्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, ऊन आणि गिधाडांच्या हवाली. आत्मा तीन रात्री मृतदेहाच्या उशाशी थांबतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलाशी पोचतो. तिथे मिथ्र, स्रओश आणि तराजू घेतलेला रश्नू निवाडा करतात. पण त्याहून अचूक निवाडा समोरून चालत येतो: पंधरा वर्षांची एक रूपवती. ‘तू कोण?’ असं विचारलं की ती सांगते, मी तुझेच विचार, तुझीच वाणी, तुझीच कृत्यं. पाप्याला मात्र कुरूप, घाण मारणारी बाई सामोरी येते. पाप-पुण्य समसमान निघालं तर ‘हमिस्तगान’ नावाच्या मधल्या जागी वाट पाहायची.

पहलवी ग्रंथातल्या अर्दा विराफच्या परलोकयात्रेत एक दुथडी भरलेली नदी लागते. ती मागे राहिलेल्यांच्या अश्रूंची. जितकं जास्त रडाल तितकी ती मृताला ओलांडणं अवघड.

नरक भयंकर आहे. काळोखी, गोठवणारा, दुर्गंधीने भरलेला. पण कायमचा नाही. शेवटी सर्व मृत उठतील, डोंगरांतला धातू वितळून वाहू लागेल आणि सगळ्यांना त्यातून चालावं लागेल. भल्यांना तो कोमट दुधासारखा लागेल, पापी भाजून निघतील, पण शुद्ध होऊन बाहेर येतील. हा धर्म माणसाला निवडीचं संपूर्ण स्वातंत्र्य देतो आणि तरीही कुणाला कायमचं नरकात ठेवत नाही. विल्सन यांच्या प्रेस्बिटेरियन नरकातून मात्र सुटका नव्हती.

आणखी एक गोष्ट विल्सन यांच्या बायबलातच होती. ‘शमुवेल’च्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाला शिरगणती करण्याची दुर्बुद्धी खुद्द परमेश्वर देतो. ‘इतिहासा’च्या पहिल्या पुस्तकात तोच प्रसंग पुन्हा येतो आणि तिथे दुर्बुद्धी देणारा सैतान असतो. ‘इतिहासा’चं हे पुस्तक यहुद्यांवर इराणी सम्राटांचं राज्य आल्यानंतरच्या काळातलं मानतात. इराणी प्रभाव किती, यावर विद्वानांत एकमत नाही. पण वाईटाचा दोष देवावरून काढून दुसऱ्यावर टाकण्याची गरज तिथेही भासली, हे उघड दिसतं.

दस्तुरांनी विल्सन यांना उत्तरं दिली, पण पारशांच्या नव्या शिकलेल्या पिढीला दिलासा मिळाला तो पुण्यातून. पुढे डेक्कन कॉलेज झालेल्या पुणे कॉलेजात १८५९ ते १८६६ या काळात मार्टिन हाउग नावाचे जर्मन पंडित संस्कृत विभाग सांभाळत होते. १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यांनी मांडलं, की झरथुष्ट्राची खरी वाणी फक्त गाथांत आहे. तिथे देव एकच असून दोन्ही आत्मशक्ती त्याच्या अधीन आहेत, द्वैत नंतर शिरलं. सुशिक्षित पारशांनी हे उत्तर आनंदाने उचललं. विसाव्या शतकात इराणातल्या झरथुष्ट्री खेड्यात राहून आलेल्या अभ्यासक मेरी बॉइस यांनी हाउग यांचं म्हणणं खोडलं आणि द्वैत मुळातलंच आहे असा आग्रह धरला. मला बॉइस यांची बाजू जास्त पटते. हाउग यांनी पारशांना विल्सनच्या तडाख्यातून सोडवलं खरं, पण त्यासाठी विल्सनचाच देव त्यांच्या हाती दिला. सर्वशक्तिमान आणि एकमेव देव मिळाला, आणि ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी होतं तोच प्रश्न पुन्हा मानगुटीवर बसला. पुढे थिऑसॉफी आणि ‘इल्म-ए-क्षनूम’ हा पारशी गूढपंथ यांच्या वाटेने पुनर्जन्मही आला. कर्मावर विश्वास ठेवणारे पारशी आज काही विरळा नाहीत.

२०११ च्या जनगणनेत ५७,२६४ भरलेल्या भारतातल्या पारशांपुढे हा जुना वाद आज अंत्यविधीच्या रूपाने उभा आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीतल्या दखम्यांवर गिधाडं राहिलेली नाहीत; गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने देशभरात त्यांचा घात केला. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. दखम्यात सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवली गेली, पण पावसाळ्यात ऊनच नसतं. २०१५ पासून वरळीला दहनासाठी प्रार्थनागृह आहे. प्रेत अग्नीत देणं म्हणजे शत्रूच्या हाती पवित्र शस्त्र देणं, असं सनातनी म्हणतात आणि काही धर्मगुरू तिथे प्रार्थना करायला जात नाहीत. सुधारक विचारतात, पुलावर तोलली जातात ती कृत्यं, मग देहाची विल्हेवाट कशी लागली हे रश्नू पाहतो असं कुठे लिहिलंय? प्रत्येक पारशी कुटुंबाला हा निर्णय आता चौथ्या पहाटेच्या आत घ्यावा लागतो.